रोल्स रेझरची धार टिकत नाही: दगडाआधी चामडे तपासा

तक्रार साधारण एकाच नमुन्याची असते. आजोबांच्या ट्रंकेतला किंवा जुन्या बाजारातून आणलेला रोल्स रेझर (आपल्याच डबीत दगडावर आणि चामड्यावर पाते पाजवता येणारा जुना दाढीचा रेझर) साफसूफ केला, पाते दगडावर चालवले, मग चामड्यावर चालवले. पहिली दाढी झकास झाली. तिसऱ्या-चौथ्या दाढीला पाते केस कापायच्या ऐवजी ओढायला लागले. पुन्हा दगड, पुन्हा दोन-तीन बऱ्या दाढ्या, पुन्हा तेच. मग "पाते संपले" असा निकाल लागतो आणि रेझर परत ट्रंकेत जातो.

अशा वेळी पाते बहुधा संपलेले नसते. बिघडलेले असते ते झाकणातले चामडे, आणि त्याची कसर दगडाकडून भरून काढली जाते. दगड प्रत्येक वेळी थोडे पोलाद खातो, चामड्याचा बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. नागपूरच्या हवेत हे चक्र जरा जास्तच वेगाने फिरते. त्याचे कारण पुढे येईलच.

यंत्र काय करते

लंडनच्या क्रिकलवुडमधला हा रेझर १९२७ मध्ये बाजारात आला. मधली धातूची चौकट आणि तिला दोन्ही बाजूंनी बसणारी दोन झाकणे, एवढाच पसारा. एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडे. पाजवायचे असेल तेव्हा दगडाचे झाकण काढायचे; चामड्याचे झाकण तळाला तसेच राहते. दांडा उचलून मागे-पुढे सरकवला की पाते चौकटीच्या लांबीभर फिरते आणि प्रत्येक टोकाला खट्कन उलटून दुसऱ्या अंगावर निजते. दगड वापरताना याच्या उलट: चामड्याचे झाकण काढायचे, दगडाचे तळाला ठेवायचे.

पात्यावरचा दाब यंत्र ठरवते, हात नाही. दांड्यावर जोर दिला म्हणून धार लवकर येत नाही. जोराने चौकट मात्र झाकणावर तिरकी बसते आणि पाते एका टोकाला जास्त घासते. दांडा फक्त सरकवायचा.

ही कंपनी पुढे धुलाई यंत्रांच्या धंद्यात शिरली आणि १९६४ मध्ये बुडाली. त्यामुळे सुटे भाग मागवण्याचा प्रश्न उरत नाही. जे आहे त्यावर भागवायचे असल्यामुळे पाते जपून झिजवणे हाच शहाणपणा.

आधी धार बघा

सराफाकडे असते तसे १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर काम होते. पाते यंत्रातून काढा, धार डोळ्यांकडे करा आणि उजेड समोरून पाडा. चांगली धार दिसतच नाही, तिथे नुसती काळी रेघ असते. बोथट जागा पांढरी चमकते. ही चमक कुठे आणि कशी आहे, यावरून पुढचा मार्ग ठरतो.

पूर्ण लांबीभर बारीक, एकसारखी चमक असेल तर दगड नको, फक्त चामडे हवे. चमक दोन्ही टोकांना आणि मधला भाग ठीक असेल, किंवा मध्ये चमक आणि टोके ठीक असतील, तर चामडे सपाट राहिलेले नाही. चमक एकाच टोकाला असेल तर झाकण नीट बसत नाही. एकेकटे टिपके दिसले तर त्या खाचा आहेत, चामड्याने जात नाहीत. दगड लागतो तो मुख्यतः इथेच.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. धार तीक्ष्ण दिसते, पण भिंगातून तिच्या कडेला लोंबणारा पापुद्रा दिसतो, बोटाला एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाने खरखरीत लागते. बोट पाठीकडून धारेकडे सरकवा, धारेवरून आडवे किंवा धारेच्या लांबीत कधीच नको. ही दगडाने उभी केलेली बर. बर असलेले पाते पहिल्या दाढीला उत्तम कापते, कारण पापुद्रा फार पातळ असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दाढीत तो दुमडतो किंवा तुटतो आणि खाली बोथट कड उरते. "पहिली दाढी झकास, मग ओढाताण" या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. बर काढण्याचे काम चामड्याचे असते. चामडे ते करत नाही म्हणून बर राहते.

चामडे

चौकटीत पाते आडवे बसते, म्हणजे चामड्याच्या रुंदीभर एकाच वेळी टेकते. त्यामुळे रुंदीतला थोडासा उंचसखलपणाही धारेवर उमटतो.

मे महिन्यात, त्यातही नवतप्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारची हवा पार कोरडी. चामडे आकसते, खाली चिकटवलेले असल्याने तळ हलत नाही, वरचा थर ओढला जातो आणि कडा उचलल्या जातात. पाते दोन्ही कडांवर टेकते, मध्ये अधांतरी. त्याच घरात संध्याकाळी कूलर लावला की ओल वाढते आणि चामडे परत सैल पडते. रोजच्या या ओढाताणीत जुना डिंक सुटतो. पुढे जूनच्या मध्यावर पाऊस लागला की सुटलेले चामडे मध्यभागी फुगते. आता पाते मध्ये घासते आणि टोकांना टेकत नाही. एकच रेझर उन्हाळ्यात मध्ये बोथट आणि पावसाळ्यात टोकांना बोथट होतो तो असा.

तपासायला सहा इंची पोलादी पट्टी घ्या. झाकण काढून चामड्यावर पट्टी उभी, कडेवर ठेवा, आधी रुंदीत तीन-चार ठिकाणी, मग लांबीत. मागून टॉर्च लावा. पट्टीखालून उजेडाची फट दिसते तिथे चामडे खाली गेले आहे. केसाएवढी फट चालून जाते. वहीचा कागद सहज सरकत असेल तर चामडे दुरुस्तीला आले. त्यानंतर नखाने कडा हलकेच उचलून पाहा. पोकळ आवाज आला किंवा कड उचलली गेली तर डिंक सुटला आहे.

नुसतेच कडक आणि चकचकीत झाले असेल पण सपाट असेल, तर ते वाचवता येते. वर्षानुवर्षांची पेस्ट, साबणाचा अंश आणि पोलादाची भुकटी मिळून वर काचेसारखा थर होतो, त्यावरून पाते नुसते घसरते. लोणी लावायच्या सुरीची पाठ चामड्याशी जवळपास उभी धरून हा थर खरवडा. दाब इतकाच की काळी भुकटी निघेल, चामड्याचे तंतू उठणार नाहीत. मग टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या फडक्याने एकदाच पुसा आणि सावलीत किमान चार तास सुकवा. चामडे भिजवायचे नाही, ते तळापासून सुटेल. उन्हात ठेवायचे तर मुळीच नाही.

सुकल्यावर एरंडेल तेल दोन थेंब, फार तर तीन. तळहाताच्या उबेने पाच मिनिटे चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी कोरड्या फडक्याने जादाचे पुसा. जवसाचे तेल आपल्याकडे घरात सहज असते, पण ते इथे चालत नाही. ते हवेत वाळून चिकट आणि मग कडक पापुद्रा धरते, म्हणजे आत्ताच खरवडून काढलेला त्रास परत. खोबरेल उन्हाळ्यात ठीक वाटते, डिसेंबरमध्ये चामड्यातच गोठते. शिलाई मशीनचे तेल यंत्राला द्या, चामड्याला नको: चामडे मऊ लुसलुशीत होते, पाते त्यात रुतते आणि धार गोल होते. पाजवून पाते आणखी बोथट होते अशी तक्रार असेल तर आधी तेलाचाच संशय घ्यावा.

पेस्ट. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची, अर्ध्या मायक्रॉनची असेल तर उत्तम. तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, ती बोटाने सगळीकडे इतकी पातळ पसरा की चामड्याचा रंग खालून दिसला पाहिजे. नागपूरच्या इतवारी बाजारात सराफांना लागणारा लाल रूज मिळतो, तोही चालतो. तो आणखी हलका आहे, म्हणून चांगल्या धारेची निगा राखायला बरा, बर काढायला कमी पडतो. लोखंडी सामानाच्या लोहा ओळीत मिळणारा स्टील घासायचा हिरवा लस्टर मात्र टाळा. रंग तोच असला तरी त्यात बहुधा जाड अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि चरबी असते. दाढीच्या पात्याला ते जाड पडते.

चामडे बदलायचे झाल्यास

कडा सुटल्या असतील, भेगा असतील किंवा मध्यभागी कायमची खोली पडली असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. जुने चामडे एका तुकड्यात काढा, कारण त्याची जाडी हेच मुख्य माप आहे. चौकटीत पात्याचा आस ठरलेल्या उंचीवर असतो. चामडे जाड झाले की पात्याचा चामड्याशी कोन बदलतो, दाब वाढतो, कधी उलटायलाच जागा राहत नाही. पातळ झाले की पाते टेकतच नाही. व्हर्नियर कॅलिपरने न दाबलेल्या कडेची जाडी घ्या आणि त्याच जाडीचा तुकडा शोधा.

कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले चामडे वापरतात, त्यातला पातळ, गुळगुळीत तुकडा या कामाला योग्य. पर्स-जाकिटाचे मऊ क्रोम चामडे ताणले जाते, ते नको. मोच्याकडून तुकडा घेताना तो बोटांनी ताणून बघा. लांबत असेल तर परत द्या.

झाकणाचा तळ जुन्या डिंकाचा कण न् कण काढून घासून घ्या. राहिलेला एक खडाही वर फुगवटा म्हणून दिसतो. मोची वापरतात ते रबरी सोल्युशन तळाला आणि चामड्याला, दोन्हीकडे अगदी पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटे सुकू द्या, मग एका टोकापासून हळूहळू बसवत जा म्हणजे आत हवा अडकत नाही. वर सपाट काचेचा तुकडा आणि त्यावर वजन, रात्रभर. पांढरा फेविकॉल धातूवर नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवा आणि झाकणात मावेल असा लहान ठोकळा करा आणि त्याने चामडे चार-पाच हलके हात देऊन समतल करा. पट्टी आणि टॉर्चची तपासणी पुन्हा. त्यानंतरच एरंडेल, त्यानंतर पेस्ट.

नवे चामडे सुरुवातीला पाते जरा अडवते, दांडा जड चालतो. वीसेक फेऱ्यांनंतर पृष्ठभाग बसतो. तोवर जोर लावायचा मोह टाळा.

चामड्यावर काप पडत असतील

चामड्यावर पात्याची पाठ पुढे आणि धार मागून ओढली जायला हवी. आडवे काप दिसले, तेही बहुतेक टोकांजवळ, तर पाते अर्धवट उलटते आहे. दांडा शेवटपर्यंत न नेता मध्येच मागे फिरवणे हे पहिले कारण. फेरी पूर्ण लांबीची आणि एका लयीत हवी. दोन्ही टोकांचा खट् आवाज सारखाच ऐकू यायला हवा. एका टोकाला आवाज मऊ किंवा उशिरा येत असेल तर पाते उलटवणाऱ्या दात्यांत घट्ट झालेले जुने ग्रीस आहे. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये, ते न मिळाल्यास डिझेलमध्ये बुडवून, दोन्ही झाकणे काढून फक्त चौकट घासा. पूर्ण सुकल्यावर दात्यांना सुईच्या टोकाने शिलाई मशीनचे तेल एक थेंब. दुसरा थेंब टाकलात तर तो उद्या चामड्यावर सापडेल.

काप उथळ असतील तर पॉलिश पेपरने जातात. खोल असतील तर त्यांच्या कडा पात्याला दरवेळी ठोकर देतात, त्यावर उपाय नाही, चामडे बदला.

एकच टोक बोथट

झाकण चौकटीला चारही कोपऱ्यांत सारखे बसते का ते पाहा. टेबलावर ठेवून एकेक कोपरा दाबा. डुगडुगले तर झाकणाची कड कुठे तरी चेपली आहे. पडलेल्या रेझरमध्ये हे हमखास असते. आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून लाकडी हातोडीने हलकेच सरळ करा, लोखंडी हातोडी नको, निकेलचा मुलामा तडकतो. झाकण ठीक असेल तर पाते धारकात पूर्ण आत गेले आहे का ते बघा. धारकाच्या खाचेत वाळलेला साबण साचतो आणि पाते अर्धा मिलिमीटर तिरके बसते. दात कोरायच्या काडीने निघतो.

दगड कधी, किती

खाचा असतील किंवा चांगल्या चामड्यावर ५० फेऱ्या करूनही चमक गेली नसेल, तेव्हाच दगड. आधी धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रंग लावा. दगडावर दोन फेऱ्या करा, पाते काढून भिंगातून बघा. अगदी कडेपर्यंत रंग गेला असेल तर उतार धारेला पोचला आहे, आणखी दोन-तीन फेऱ्या आणि थांबा. कडेला रंगाची रेघ राहिली तर अजून चार. एका वेळी दहाच्या वर जाऊ नका, भिंगाशिवाय तर नाहीच. एका अंगाचा रंग गेला आणि दुसऱ्याचा राहिला तर पाते एका बाजूला नीट निजत नाही. दात्यांची सफाई आधी, दगड नंतर.

दगड कोरडाच वापरा. पाणी चौकटीत आणि आसात शिरते, आणि गंज तिथून सुरू होतो. दगड करडा, गुळगुळीत दिसू लागला तर त्याच्या छिद्रांत पोलाद भरले आहे: झाकण वेगळे करून, भांडी घासायच्या साबणाचा थोडा फेस आणि मऊ ब्रश, एक मिनिट, लगेच पुसून रात्रभर सुकवणे. झाकण पाण्यात बुडवून ठेवले तर दगडही सुटू शकतो.

दगडानंतर चामड्यावर पहिल्या खेपेला ४० ते ५० फेऱ्या. नंतर रोजच्या दाढीआधी १५ ते २० पुरतात. चामडे ठीक असेल तर दगडाची गरज कित्येक महिने पडत नाही.

धारेची परीक्षा कागद कापून करू नका. कागदात चिनी मातीसारखे खनिज असते, नव्या धारेची वाट तिथेच लागते. डोक्याचा एक केस मुळाकडून चिमटीत धरा आणि मोकळ्या टोकाकडून पात्याला लावा. न ओढता तुटला की झाले.

पाणी, गंज, बुरशी

पाते साध्या पोलादाचे आहे, स्टेनलेस नाही. दाढी झाल्यावर गरम पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसा, पावसाळ्यात मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि दुसऱ्या दिवशी चामड्यावर नेण्याआधी ते तेल पुसा. बोअरवेलचे जड पाणी असेल तर धारेवर क्षाराचा पांढरा थर सुकतो, तोही भिंगात बोथट जागेसारखाच चमकतो. व्हिनेगरच्या थेंबाने पुसून बघितल्याशिवाय दगडाकडे वळू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये चामड्यावर पांढरी बुरशी आली तर स्पिरिटने ओलसर फडक्याने पुसा, पंख्याखाली सुकवा, मग एक थेंब एरंडेल. रेझर बाथरूममध्ये किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. कपाटात, डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला रेझर सर्वांत आधी गंजतो.

धारवाल्याकडे देऊ का?

चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकावर हे पाते देऊ नये. धार इतकी पातळ असते की क्षणभराच्या घर्षणाने तापते, साधारण २०० अंशांच्या पुढे कडकपणा कमी व्हायला लागतो. धारेवर निळी झाक आली म्हणजे पोलाद मऊ पडले, आता कितीही पाजवा, धार टिकणार नाही. जुन्या बाजारात पाते घेताना ही निळी झाक आधी बघा.

हल्लीच्या दुधारी ब्लेडचे काय

रोल्समध्ये ती बसत नाहीत, पण स्वित्झर्लंडच्या अॅलेग्रोसारखी दुधारी ब्लेड पाजवायची यंत्रे अजून सापडतात आणि तीच तक्रार त्यांच्याबद्दलही असते. ती यंत्रे साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडच्या काळातली. आजची स्टेनलेस ब्लेडे जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतात, धारेवर मुलामा असतो आणि चामडे तो मुलामा घासते. शिवाय २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की तिरक्या कोनातून येणारा मऊ केसही पोलादी धारेचे बारीक टवके काढू शकतो. टवका उडालेली जागा चामडे भरून काढत नाही. यंत्राचे चामडे आणि दाते वरच्या पद्धतीनेच सुधारतात, मात्र त्यात घालायला कार्बन पोलादाचेच ब्लेड शोधा; काही रुपयांचे स्टेनलेस ब्लेड पाजवण्यात अर्थ नाही.